दाण्यावरून मांसावर : तीन फेरेट आणि एक फ्रीजर

१२ जानेवारी २०२५, रविवार, लीड्स (इंग्लंड)

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या वेळी "आठवेल की" म्हणून सोडून दिलं आणि नंतर कुणाला कधी जुलाब झाले यावरून आमच्या दोघांत अर्धा तास वाद झाला. तर प्रकल्प असा की घरच्या तिन्ही फेरेटांना (मुंगसासारखे दिसणारे पाळीव प्राणी) पाकिटातल्या कोरड्या तयार खाद्यावरून, म्हणजे दाण्यावरून, कच्च्या मांसावर आणायचं.

मंडळी अशी: तात्या, नर, पाच वर्षं पूर्ण, वजन १५८० ग्रॅम, स्वभावाने रिटायर्ड हेडमास्तर. चिंगी, मादी, सव्वा वर्षाची, ७२० ग्रॅम, अट्टल चोर. बंड्या, नर, आठ महिने, १३४० ग्रॅम, डोकं आहे का ते अजून कळलेलं नाही. तिघंही रेस्क्यूमधून आणलेली, तिघांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. इथे यॉर्कशरमध्ये फेरेटचं कुणाला नवल नाही, जुनी माणसं सशांच्या बिळात सोडायला पाळायची, काही जण अजून पाळतात, त्यांच्या बोलीत नर म्हणजे हॉब आणि मादी म्हणजे जिल. सासूबाई व्हिडिओ कॉलवर "मुंगसं जेवली का गं" असंच विचारतात. मुंगूस वेगळं हो आई, हे पाणमांजराच्या भावकीतलं, असं दोनदा सांगून झालं, आता मीच म्हणते हो, जेवली मुंगसं.

आता हे का करतोय. एक तर तात्याच्या दातांवर पिवळा थर चढलाय. दुसरं म्हणजे पाकिटाची मागची बाजू एकदा चष्मा लावून वाचली, पहिलं चिकन मील (कोंबडीचा वाळवलेला भुगा), मग लगेच तांदूळ आणि मका. दाणा मशीनमधून काढताना तो धरून राहायला स्टार्च लागतोच, म्हणजे कितीही भारी पाकीट घेतलं तरी पीठ आलंच. आणि हा प्राणी पक्का मांसाहारी, आतडं आखूड, आपल्याला असतं तसं सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नाहीच, तोंडातून गेलेलं तीन-चार तासांत दुसऱ्या टोकाला हजर. त्या वेळात धान्य पचवून होणार किती.

नवरा शाकाहारी आहे, पुण्याचा, अंडंसुद्धा खात नाही, आणि फेरेट आणायची हौस त्याचीच. कामाची वाटणी: कापणं, कुटणं, भरवणं मी (रत्नागिरीची आहे, मला काय त्याचं). वजन, एक्सेल आणि शी तपासणे तो.

१३ जानेवारी

सामान: पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा आणि त्यावर ठेवायला प्लास्टिकचा डबा, नाहीतर ही मंडळी काट्यावर उभी राहत नाहीत. वेगळा लाल चॉपिंग बोर्ड, वेगळी सुरी. चॅरिटी शॉपमधून सहा पाउंडाला हाताने फिरवायचा जुना लोखंडी खिमा यंत्र मिळाला. मिक्सरबद्दल नवऱ्याने लेखी हमी घेतलीये की त्याच्या चटणीच्या भांड्यात कोंबडीचं हाड कधीही जाणार नाही. शेवटी छोटा वेगळा ब्लेंडरच आणला, त्यावर मार्करने "तात्या" लिहिलं.

हिशेब साधारण असा धरलाय: शंभरात ७०-७५ मांस, त्यातच भरपूर हार्ट, १०-१५ हाड, बाकी कलेजी आणि इतर अवयव, पण कलेजी ५ च्या वर नाही कारण व्हिटॅमिन ए साचतं आणि पोटही सुटतं. हार्ट मुद्दाम, त्यात टॉरिन हे पोषकद्रव्य भरपूर. मोठ्यांना वजनाच्या ६ टक्के, बंड्या वाढता म्हणून ८. म्हणजे दिवसाला तिघांचं मिळून अडीचशे ग्रॅम.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी कर्कगेट मार्केटला जाऊन आले. चिकन विंग्ज, मानेचे तुकडे आणि एक सोललेला ससा, थोडा नंतरसाठी. हार्ट आणि कलेजी हेअरहिल्समधल्या हलाल चिकनवाल्याकडून, दोन किलो हार्ट मागितल्यावर तो हसायला लागला, "बाजी, इतने दिल का क्या करोगी?" सांगितलं कुणासाठी ते. त्याच्या चाचाकडे मीरपूरहून आल्यावर फेरेट होते म्हणे, ससे धरायला. मानेचे चार तुकडे फुकट टाकले.

घरी आल्यावर सवयीने चिकन नळाखाली धरणार होते, मग आठवलं, इथली फूड स्टँडर्ड्स एजन्सी सांगते की कच्चं चिकन धुवायचं नाही, पाण्याच्या तुषारांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू ओट्यावर सगळीकडे उडतो. आईने ऐकलं तर म्हणेल हळद-मीठ लावून तीन पाण्यातून काढल्याशिवाय चिकन घरात कसं येतं. असो. नाही धुतलं.

मान, हार्ट, थोडी कलेजी यंत्रातून दोनदा काढलं, मग गरम पाणी घालून ब्लेंडरमध्ये अगदी पिठल्यासारखं केलं. यात हाड असल्याने मायक्रोवेव्ह करायचं नाही, शिजलेलं हाड टोकदार फुटतं, कच्चं चुरतं. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलं. तिघांपुढे ठेवलं.

चिंगीने वास घेतला आणि मागे मागे जात कोचाखाली गेली. बंड्या वाटीत पाय घालून पुढे निघून गेला, कार्पेटवर छोटे छोटे चिकनचे पाय. तात्याने नाकाने वाटीवर काहीतरी ओढल्यासारखं केलं, जमिनीत पुरतात तसं. म्हणजे त्यांच्या लेखी हे अन्नच नाही.

याचं कारण वाचलं होतं पण बघितलं आज. फेरेटचं खाणं डोळ्यांनी नाही, नाकाने ठरतं, आणि ते पहिल्या काही महिन्यांत ठरून जातं. त्या वयात ज्याचा वास घेतला ते जेवण, बाकी सगळं जगात नुसतं पडलेलं सामान. कोंबडी समोर ठेवली तरी तात्याच्या नाकाला ती चप्पल आणि पाकिटातला तपकिरी दाणा म्हणजे आईच्या हातचं. सहा महिने उलटले की दार जवळजवळ बंद. बंड्या आठ महिन्यांचा म्हणजे दाराला अजून फट असेल. तात्याचं काय ते बघू.

तिळगूळ कुणाला दिला नाही, उगाच.

१६ जानेवारी

पद्धत बदलली. दाणे कुटून त्याची पूड (खलबत्त्यात, तोसुद्धा आता तात्याचा झाला) आणि ती त्या पिठल्यासारख्या मांसाच्या सूपवर भुरभुरवली, कोशिंबिरीवर दाण्याचं कूट टाकतो तशी. शिवाय बोटाने थोडं सूप ओठाला लावायचं, मग ते आपोआप चाटतात. मानेची सैल कातडी धरून उचललं की फेरेट जांभई देतो, त्या जांभईत बोट घालायचं. दिवसातून पाच-सहा वेळा. चाटलं की सोडायचं, जबरदस्ती नाही.

बंड्या: तिसऱ्या वेळी स्वतःहून बोट चाटलं, चौथ्या वेळी बोटच चावलं. चिंगी: तोंड पुसायला माझ्या जीन्सचा वापर. तात्या: डोळे मिटून अपमान सहन केला.

१८ जानेवारी

बंड्याने वाटीतून प्यायला सुरुवात केली!!! ३० ग्रॅम. वर मान करून बघितलं, मिशांना सगळं लागलेलं, मग कुक् कुक् कुक् करत कडेकडेने उड्या. नवऱ्याने एक्सेलमध्ये त्या खान्याला हिरवा रंग दिला.

२२ जानेवारी

विशेष काही नाही. तात्याने वाटी उलटी केली.

२५ जानेवारी

बंड्या आता पूर्ण सूपवर, पूड बंद, आणि सूप रोज थोडं घट्ट करतोय, कालचं पिठलं तर आजचं झुणका. चिंगी निम्मं सूप निम्मे दाणे. दाणे पूर्वी दिवसभर भरलेले असायचे, आता सूप आधी, मग अर्ध्या तासाने दाणे, आणि ते काढून घ्यायचे. पण दोन खाण्यांत चार तासांच्या वर अंतर नको असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते पाळतोय.

शी चार्ट (जेवताना वाचू नये): बंड्याची दोन दिवस हिरवट आणि शेंबडासारखी, मग बियाबिया दिसल्या म्हणजे फॅट नीट पचत नाही, कलेजी दोन दिवस थांबवली, आज घट्ट, गडद आणि आकाराने निम्मी. आणि वास! म्हणजे वास नाही हेच सांगायचंय. दाण्यावर असताना सकाळी त्या खोलीचं दार उघडायला धैर्य लागायचं. पांढरी खडूसारखी झाली तर हाड जास्त, काळी डांबरासारखी झाली तर पोटात रक्त, तेव्हा थेट डॉक्टर. नवरा टॉर्च घेऊन बसतो. लग्नाआधी याने मला सांगितलं होतं की रक्त बघितलं की चक्कर येते.

आणखी एक, पाण्याच्या बाटल्या भरायला कमी लागतायत. आधी घाबरलो, मग लक्षात आलं की कच्च्या मांसात सत्तर टक्के पाणीच असतं.

१ फेब्रुवारी, शनिवार, हळदीकुंकू

हे मी लिहिणार नव्हते पण नवरा म्हणाला नोंद म्हणजे नोंद.

आज आमच्याकडे हळदीकुंकू होतं, मंडळातल्या चौदा-पंधरा जणी. फेरेट वरच्या खोलीत बंद. निदान आम्हाला तसं वाटत होतं. सकाळी पहिल्यांदाच चिंगीला अख्खं हार्ट दिलेलं, सूप नाही, तुकडा नाही, अख्खं, आणि ती ते तोंडात धरून पळाली. फेरेटची ही मूळ सवय, खाणं लपवायचं. दाणे लपवले तर काय होतं, कोचाखाली चार दाणे मिळतात. मांस लपवलं तर... मी आणि नवऱ्याने वीस मिनिटं शोधलं, नाही सापडलं, खाल्लं असेल म्हणून सोडून दिलं, कारण पोहे भिजवायचे होते.

सगळ्या जणी बसल्या, कुंकू झालं, अत्तर झालं, वाण म्हणून या वर्षी छोट्या कापडी पिशव्या आणि त्यात स्टीलची डबी असं होतं, पिशव्या सकाळीच भरून जिन्याखाली ओळीने मांडून ठेवलेल्या. आता फेरेटला पिशवी दिसली की तो आत जाणार हे जगातलं सर्वात जुनं सत्य, ते मला सुचायला नको? एका काकूंनी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला तर हातात डबीऐवजी कोंबडीचं हृदय.

त्या वैष्णव. त्यांनी किंचाळायला हवं होतं, पण त्यांनी शांतपणे विचारलं, "हे काय आहे गं?" आणि माझ्या तोंडून निघालं "वाण आहे". का, माहीत नाही. मग त्यांना हात धुवायला नेलं, दोनदा साबण, सॅनिटायझर, माफी, नवी डबी. बाकीच्या पिशव्या सगळ्या तपासल्या, आणखी एकात कलेजीचा तुकडा होता, तो कालचा.

यातून शिकलेलं: जेवण फक्त पिंजऱ्यात किंवा बाथरूममध्ये जुन्या टॉवेलवर, दार लावून, आणि सुटण्याआधी तुकड्यांची मोजणी. काकूंचा संध्याकाळी मेसेज आला, त्यांच्या नातवाला फेरेट बघायला यायचंय.

५ फेब्रुवारी

चिंगी दाण्यावरून पूर्ण उतरली. तीन आठवडे. आता विंगचं टोक कडाकड चावते, चौतीस दात असतात ते कुठे कुठे असतात ते दिसलं. बंड्याला बरगडीचा तुकडा दिला, त्याने एकदा गिळायचा प्रयत्न केला, उलटला, मग मागच्या दाढांनी चावायचं असतं हे कळलं.

तात्या: सूपवर दाण्याची पूड असेल तर पूड फुंकून खातो. खरंच. नाकाने फुंकतो आणि वरची पूड तेवढी चाटतो. वजन १५२० वर. साठ ग्रॅम कमी, पण हिवाळ्यात चढलेलं वजन वसंताकडे उतरतंच, त्यामुळे यातलं किती ऋतूचं आणि किती माझं ते सांगता येत नाही. आकडे गोळा करायला असा वाईट महिना दुसरा नाही.

ओळखीचा एक जण, अनुभवी, पंधरा वर्षं फेरेट पाळतोय, म्हणाला तुम्ही फार लाड करता, दाणे पूर्ण उचला, भूक लागली की झक मारत खाईल.

९ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री दहाला दाणे उचलले. माझा निर्णय, नवरा नको म्हणत होता, हे लिहून ठेवते. सूपची वाटी ठेवली होती शेजारी.

सकाळी सातला गेले तर वाटी तशीच. तात्या हॅमॉकमध्ये (त्याच्या झोळीत), हाक मारली तर उठेना. तसा तो मेल्यासारखाच झोपतो, फेरेट झोपतात तसे, हलवलं तरी जाग येत नाही, म्हणून आधी हसले. मग उचललं तर डोळे उघडे होते. उघडे आणि काचेसारखे, माझ्याकडे नाही, माझ्या पलीकडे कुठेतरी. तोंडातून लाळ. खाली ठेवलं तर मागचे पाय फतकल मारल्यासारखे पसरले आणि पुढच्या पायाने तोंड खरवडायला लागला, जसं काही तोंडात अडकलंय.

मी हाड अडकलं समजून तोंडात बघत होते. नवऱ्याने मध खाली आणला. त्याने हे वाचून ठेवलं होतं, मी नव्हतं. बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, थोडाच, गिळवायचा नाही. पाच-सात मिनिटं. मग तात्याने मान उचलली, जीभ फिरवली आणि नवऱ्याचं बोट चाटायला लागला. लगेच भिजवलेले दाणे दिले, खाल्ले.

इमर्जन्सी डॉक्टरकडे रक्त तपासलं. साखर २.८, आपल्याकडच्या हिशेबात १८ ने गुणायचं, म्हणजे ५० च्या आसपास, आणि ही मध-दाणे खाल्ल्यानंतरची. फेरेटची ७० च्या खाली आली की संशय घ्यायचा. इन्सुलिनोमा असणार म्हणाल्या, स्वादुपिंडात बारीक गाठ, ती गरज नसताना इन्सुलिन सोडत राहते. मधल्या वयानंतर फेरेटमध्ये फार कॉमन. सासऱ्यांना साखर वाढते म्हणून गोळ्या, याची उतरते म्हणून गोळ्या.

मी विचारलं, माझ्यामुळे झालं का. डॉक्टर म्हणाल्या, उपाशी ठेवलंत म्हणून गाठ झालेली नाही, ती आधीच होती, उपाशी ठेवलंत म्हणून दिसली. मग विचारलं, दाण्यांमुळे झालं का? त्या म्हणाल्या पिठाळ खाण्याचा संशय बरेच जण घेतात, पटण्यासारखा आहे, पण सिद्ध झालेलं नाही. हे ऐकून मला राग आला, त्यांचा नाही, गेले चार महिने जे जे वाचलं त्याचा. तिथे प्रत्येकाला सगळं शंभर टक्के माहीत असतं. "दाणा म्हणजे विष." विष जे असेल ते असेल, आज सकाळी त्यानेच तात्याला उभं केलं.

औषध: प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं सिरप दिवसातून दोनदा. दर तीन-चार तासांनी खाणं, रात्रीसुद्धा. मध फक्त झटक्याच्या वेळी, एरवी गोड अजिबात नाही कारण साखर चढली की ती गाठ आणखी इन्सुलिन ओतते आणि पुन्हा खाली आपटतो. ऑपरेशनचा पर्याय आहे, पण बारीक गाठी मागे राहून पुन्हा होऊ शकतं. सध्या नको ठरवलं.

वजन १४४० दाखवतंय. चार दिवसांत ऐंशी ग्रॅम. हे ऋतूचं नाही.

१० फेब्रुवारी

तात्याचा प्रकल्प बंद. म्हणजे तात्याला मांसावर आणणे हा. आता त्याने खायचं, एवढंच. वाटीत चोवीस तास दाणे. अलार्म दहा, दोन, सहा.

त्या अनुभवी गृहस्थांना कळवलं. म्हणाले, त्यांच्या कुठल्याच फेरेटला असं झालं नाही.

१५ फेब्रुवारी

मला फ्लू. मास्क लावून वाट्या भरतेय कारण फेरेटला माणसाचा फ्लू लागतो, सर्दी नाही, फ्लूच. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडवला तो आजारी माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात सोडून. पुढे एक फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यालाच फ्लू झाला, म्हणजे लागण उलटीही होते. बंड्या आत्ता माझ्या गळ्याशी येऊन नाक लावतोय. चल हो तिकडे.

याच विषयावरून बर्ड फ्लूची भीती डोक्यात बसलीये. गेल्या डिसेंबरात अमेरिकेत ओरेगनमध्ये कच्च्या टर्कीच्या गोठवलेल्या खाद्यातून एका घरच्या मांजराला एच५एन१ झाला आणि ते गेलं. फ्रीजरमध्ये टाकलं की जंतू मरतात हा गैरसमज, ते झोपतात. त्यामुळे आमच्याकडे नियम: माणसांच्या खाण्यासाठी तपासून विकलेलंच मांस, शिकारीचा फेझंट (रानकोंबड्यासारखा पक्षी) कुणी फुकट दिला तरी नाही, शिकारीचा ससा पण नाही, त्यात शिशाचे छर्रे असू शकतात. डुकराचं कच्चं नाही. मासे कच्चे नाहीत, काही माशांत व्हिटॅमिन बी१ मोडणारं एन्झाइम असतं. रत्नागिरीच्या घरात मासा वर्ज्य, आईला सांगितलं तर ती फोन ठेवेल.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

नवऱ्याचा उपास, साबुदाणा. त्याच वेळी पार्सल आलं, गोठवलेली एक दिवसाची पिल्लं, पंचवीसची पिशवी, साप आणि ससाणे पाळणाऱ्यांच्या दुकानातून. अंड्यांच्या हॅचरीत नर पिल्लांचा उपयोग नसतो, ती पहिल्याच दिवशी मारतात, त्यातली ही. एकेक पस्तीस-चाळीस ग्रॅम. हाड, मांस, अवयव, पिवळा बलक, पिसं सगळं एकात, खरं तर माझा सगळा हिशेब निसर्गाने आधीच करून ठेवलेला.

पण पिशवी फोडली आणि थांबले. जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला असायची, मी एकदा हट्ट करून आणलं होतं, ते तिसऱ्या दिवशी गेलं, आजोबांनी फणसाखाली पुरलं. विंग कापताना मला काही वाटत नाही, मान कुटताना वाटत नाही, आणि हे डोळे मिटलेलं पिवळं हातात आल्यावर वाटतं, याला काय अर्थ आहे. नवरा म्हणाला, विंगसुद्धा कुणाची तरीच होती. उपासाच्या दिवशी हे ऐकून घ्यावं लागलं.

फ्रिजमध्ये रात्रभर वितळवून सकाळी देणार.

२७ फेब्रुवारी

चिंगी: डोक्यापासून सुरुवात, चार मिनिटं, पाय शेवटी, मग टॉवेल चाटला. बंड्या: अर्धा तास त्याच्याशी खेळला, पाठीवर आपटलं, उड्या मारल्या, मग अचानक कळलं, खाल्लं. पिसांमुळे शी जरा केसाळ.

तात्या: आणि हे नीट लिहायला हवं. सिरप सुरू होऊन अठरा दिवस झाले, स्टेरॉइडने भूक खवळतेच. काल रात्री दोनला मी अर्धवट झोपेत त्याच्यासाठी दाणे भिजवले ते गरम पाण्याऐवजी बंड्याच्या उरलेल्या सूपमध्ये, दिव्याशिवाय, वाटी चुकली. त्याने सगळं खाल्लं. वाटी पालथी करून खालीही बघितलं.

आता हे नाक बदललं, की औषधाची भूक, की सूपात भिजल्यावर दाण्याचा वास वर येतो म्हणून, कुणास ठाऊक. एक्सेलमध्ये "कारण" या खान्यात नवऱ्याने "दोन वाजता" लिहिलंय.

१२ मार्च

तात्याचं खाणं आता भिजवलेले दाणे सहा भाग, सूप चार भाग. सूपचं प्रमाण पाचवर नेलं की नाक वळवतो, साडेचार चालतं. १४९५ ग्रॅम. परत रक्त तपासलं, साखर ४.४. डॉक्टर म्हणाल्या हेच चालू ठेवा. मी म्हणलं दाणे अजून आहेत त्यात. त्या म्हणाल्या, मग?

खर्च: मांसाचा महिन्याला अठ्ठावीस पाउंड आसपास, दाण्यांचा चौदा व्हायचा. फ्रीजरमधली मोदकांची सारणं, ओल्या नारळाची पाकिटं, सगळं एका खणात दाबून बसवलंय आणि वरच्या खणावर चिकटपट्टी लावून लिहिलंय "मुंगसं", म्हणजे सासूबाई आल्या की चुकून उघडणार नाहीत.

३० मार्च, पाडवा

रात्री घड्याळं पुढे गेली, दोनचा अलार्म एक तास आधी वाजल्यासारखा वाजला आणि तात्याला अजून भूकच नव्हती, माझ्याकडे बघत बसला. श्रीखंडाच्या भांड्याभोवती चिंगी घिरट्या घालत होती, दिलं नाही. बंड्या १२९०, चिंगी ७३५. बंड्याचे पन्नास ग्रॅम ऋतूने नेले असं धरतोय, बरगड्या लागत नाहीत, अंगावर चकाकी आहे. चिंगीचे दात पांढरेशुभ्र. तात्याचा पिवळा थर तसाच.

१३ एप्रिल, रविवार

मे मध्ये तीन आठवडे रत्नागिरी. मैत्रीण घरी राहायला येणार, साताऱ्याची, तीही शाकाहारी, अट एकच, हातमोजे. तिच्यासाठी कागद लिहायला बसले. बंड्या-चिंगीचं पान भरायला दहा मिनिटं लागली: सकाळ-संध्याकाळ डबा, डब्यावर वार लिहिलाय, बुधवारी-शनिवारी एकेक पिल्लू, बाथरूमचं दार लावणे, तुकडे मोजणे, उरलेलं अर्ध्या तासाने फेकणे, हात धुणे.

तात्याचं पान चार वेळा लिहून फाडलं. सिरप किती ते सोपं. मध कुठे, कधी, किती, ते लाल पेनने. पण सूप किती कोमट? ती विचारणार, थर्मामीटरने सांग. मी कधी मोजलंच नाही. आज मोजायला बसले तर मला जे बरोबर वाटलं ते ३८ भरलं, म्हणजे त्याच्या अंगाइतकंच. तेवढं लिहिलं. आणि खाली: दिवा लावू नकोस, दिवा लावला की वाटीत काय आहे ते तो बघतो.